दंडावरचा वण

दुसरबीड, घरी. रविवार संध्याकाळ.

पीएचडीच्या सरांचा फोन येऊन गेला. मघापासून दंडावरचा वण चाचपत बसलेय. नमुना माझाच निघाला.

जखम भरताना कातडीच्या पेशींतली कोणती जनुकं जागी होतात, ते मी शोधतेय. त्यासाठी इतरांसोबत मीही दंडावरचं मसुराच्या दाण्याएवढं कातडं दिलं, आणि जखम भरल्यावर त्याच जागेचं पुन्हा. वरून सगळं बरं दिसत होतं, पण आत डागडुजीची जनुकं जोरात सुरूच. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हा दुसऱ्या कुणाच्या तरी ताज्या जखमेचा नमुना आहे. नळ्यांची अदलाबदल केलीस तू." मलाही वाटायला लागलं, खरंच केली असेल का?

आज म्हणाले, "तुझ्या रक्ताशी ताडून पाहिलं. नमुना तुझाच आहे. बाकीच्यांचंही तसंच येतंय. चूक माझी झाली." आवाज येत नाही असं सांगून मी त्यांना ते पुन्हा बोलायला लावलं. आवाज येत होता.

आणि आई. वण पाहिल्यापासून एकच, "काऊन वं सोताचं कातडं कापून देऊन राह्यली? पाहुणे पाहाले आले तं काय सांगू?" घरात कोणी आलं की मला लांब बाह्यांचा ड्रेस.

आज तिला सगळं सांगितलं. मग तिनं शेजारच्या काकूंना हाक मारली, माझी बाही स्वतःच वर सारली आणि वणावर बोट ठेवलं.

"हे पाह्य वं. वरून भरलं दिसते, पण अंदर काम चालूच हाय. माह्या पोरीनं शोधून काढलं."