मुकी गाडी

प्रिय दादा,

फोनच केला असता, पण फोनवर तू "बरं, बघतो" म्हणशील आणि ठेवून देशील. कागद हातात आला की मात्र तू शेवटपर्यंत वाचतोस. म्हणून लिहिते आहे, आणि ऑफिसातल्या माणसाच्या हाती आजच पाठवते आहे.

माझं बरं चाललंय. बॅटरी चाचणी विभागात आता कायम झाले. घरातली पहिली पदवीधर म्हणून आई अजून दारात येईल त्याला सांगते, विजेचा मीटर बघायला येणाऱ्यालाही. धुराचे दिवस संपायला हवेत, असं मला अजूनही मनापासून वाटतं. फक्त बाबांसमोर बोलत नाही. ज्याचा उभा जन्म इंजिनं जुळवण्यात गेला, त्याच्यापुढे काय बोलणार? तू इंजिन शॉप सोडून बॅटरीच्या कारखान्यात गेलास तेव्हा ते म्हणाले होते, "ज्या फांदीवर बसलास तीच तोडायला निघालास. तुझ्या घराची पायरी मी चढणार नाही." चढलेही नाहीत. पुढे त्यांनी इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी ती हायब्रिड गाडी घेतली तेव्हा सगळे हसले. तेही हसले, "अर्धी माझी, अर्धी तिकडची. ना धड सासरची, ना धड माहेरची." तिकडची म्हणजे कोणाची, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

पक्षाघाताचा झटका येऊन ते खाटेला खिळल्यापासून ती गाडी मी चालवते. अशा गाड्या मालकाच्या सवयी लक्षात ठेवतात. पुढे आवाज न करता, नुसत्या बॅटरीवर जायचं असेल तर आधीच इंजिनाकडून बॅटरी भरून घेतात. त्यात जादू काही नाही, आम्हीच ते तपासतो. पण एका गुरुवारी ऑफिसातून येताना पुलाजवळ ती कारण नसताना बॅटरी भरू लागली, आणि पडद्यावर 'नेहमीचा रस्ता' म्हणून भलतीच वाट उमटली. गुरुवार हा बाबांच्या सुट्टीचा वार. "गाडीला जरा फिरवून आणतो," म्हणून ते संध्याकाळी जायचे. मी त्या वाटेने गेले. बेकरीच्या वळणावर इंजिन आपोआप बंद झालं. टायरखाली पांढरी खडी तेवढी कुरकुरत होती. वाट संपली ती तुझ्या फाटकासमोर. खिडकीत वहिनी तुझ्या चिमणीचे केस विंचरत होती. मी बेल न वाजवता परतले. दुसऱ्याच्या जागेवर बसल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी चिमणी फोनवर म्हणाली, "आत्या, मुकी गाडी परत आली होती." कधीपासून येते, विचारलं. "पहिल्यापासूनच. आई म्हणते, शेजाऱ्यांची आहे."

इथवर सगळं समजण्यासारखं आहे. पुढचं मला समजत नाही.

पुढच्या गुरुवारी मी घरी होते. गाडी धुऊन अंगणात लावली, किल्ली माझ्या पर्समध्ये. अंधारून आलं तसा चादरीखाली बाबांचा उजवा पाय हलू लागला. दाबायचा, सोडायचा. आई म्हणाली, "शीर आखडली असेल." सकाळी गाडीची बॅटरी निम्मी उतरली होती आणि धुतलेल्या टायरांच्या खाचांत पांढरी खडी अडकली होती. आपल्याकडे तर सगळी लाल माती. दुपारी चिमणीचा फोन आला. "काल गाडीतल्या आजोबांनी मला हात केला. त्यांच्या खांद्यावर नारिंगी फडकं होतं." दादा, तिने बाबांना कधी पाहिलेलं नाही. कामावर हात पुसायला ते खांद्यावर टाकायचे, ते फडकं अजून त्यांच्या खाटेच्या दांडीवर आहे. तेव्हापासून दर गुरुवारी हेच. एकदा मी बॅटरीची तारही काढून ठेवली. सकाळी तार काढलेलीच होती, आणि खडीही होती.

झटक्यानंतर तू फोनवर "येऊ का?" विचारलंस, तेव्हा बाबांनी डोळे मिटले आणि आपण तो नकार धरला. त्यांना बोलता येत नाही, मान हलवता येत नाही रे. तो होकार असेल. काल डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. परवा गुरुवार आहे. या वेळी ते निघाले तर परतीला बॅटरी पुरणार नाही, असं माझ्या मनाने घेतलंय. शिकलेली मुलगी असं लिहिते म्हणून हसू नकोस. गुरुवारच्या आत ये. तुझी गाडी त्यांच्या गाडीपुढे आडवी लाव, आपलं फाटक अडवून. आणि तुझीही बॅटरीची, मुकीच, तेव्हा आपल्या गल्लीच्या वळणापासूनच हॉर्न वाजवत ये. त्यांना ऐकू अजून येतं.

तुझीच,
धाकटी