बाहेरून पुसलेली काच

४ मार्च
मिळाली बाई एकदाची नोकरी! आणि तीही नेमकी याच घरात. शहराच्या भर मध्यात मनोरा, त्यात सगळ्यात वरचा मजला. लिफ्टमध्ये पोटातलं पाणीसुद्धा हलत नाही. हॉलची अख्खी भिंत काचेची. साहेबांची छोटी लेक सांभाळायची. आई नाही बिचारीला. गाल फुगवून बसते, म्हणून मी तिचं नाव ठकी ठेवलंय.

साहेबांनी मला ओळखलं नाही. कसं ओळखतील? दादा गेला तेव्हा आमच्या दारात फिरकलेसुद्धा नाहीत. दोरांना टांगलेल्या पाळण्यात उभा राहून दादा इथल्या काचा बाहेरून पुसायचा. वारा सुटला की पाळणा सोडायचा नाही, हा काचा पुसणाऱ्यांचा नियम. पण साहेबांकडे पाहुणे येणार होते, काच लख्ख हवी होती. दमदाटी करून पाळणा सोडायला लावला. दादा खाली आला तो पाळण्याशिवाय.

या माणसाचं वाटोळं झालेलं मला याच डोळ्यांनी बघायचंय.

७ मार्च
ठकी भलतीच लाघवी आहे. तिला आमची जुनी युक्ती शिकवली. पूर्वी एका ऑफिसात मी आतून पुसायची, दादा बाहेरून. जाड काचेतून हाक ऐकू जात नाही, म्हणून डाग दिसला की मी तिथे पंजा टेकवायची आणि तो नेमकं तिथेच फडकं मारायचा. ठकीला हा खेळ इतका आवडला की दिवसभर काचेला चिकटून होती.

११ मार्च
दादा गेल्यापासून पाळणा बंद आहे. काच बाहेरून धुळीने माखलीय. आज साहेबांच्या खुर्चीमागे मी मुद्दाम पंजा टेकवला. म्हटलं, दादा, हा बघ तुझा माणूस. भांडी आवरून आले तर पंजाएवढी जागा स्वच्छ. बाहेरून.
खूप रडले. आनंदाने.

१४ मार्च
त्या जागेवर बोट ठेवलं. आरपार गेलं. काच दिसते, पण नाहीये. बोटाला वारा लागला. साहेब शेजारीच चहा पीत होते. किती बरं वाटलं म्हणून सांगू! उद्या खुर्ची मागे सरकवते.

१५ मार्च
सरकवली. साहेब मागे रेलले. काच टणक. डोकं आपटलं, मला शिव्या घातल्या, बस.
काचेवर खालच्या बाजूला ठकीचे पंजे उमटलेत. तेही बाहेरून पुसलेत. सगळेच्या सगळे.

१६ मार्च
ठकीचा फ्रॉक काचेबाहेर फडफडत होता. कशीबशी मागे ओढली. म्हणते, बाहेरचा काका हात देतो.
आता कळलं. दादाला साहेब नकोच आहेत. माझ्यासारखं त्यांनीही मागे उरून रडावं — एवढंच हवंय त्याला.
अरे पण ही लेकरू आहे रे दादा —

१६ मार्च, दुपारी
कोठीच्या खोलीत आहोत. खिडकी नाही. ठकी मांडीवर. साहेबांना सगळं ओरडून सांगितलं, मी कोण तेही. म्हणतात, सूड उगवायला आलीस. खोटं कसं म्हणू?
दार धडधडतंय —

नेली. हिसकावून नेली. मला बाहेरून कुलूप. ओरडून घसा बसला. फटीतून दिसतंय — काच लख्ख, सगळी. ठकी रडतेय. साहेब तिला कडेवर घेऊन समजावतायत, खालच्या गाड्या दाखवायला चाललेत —
त्यांना काच टणकच लागेल. तिला —