पट्ट्याचा निरोप कुणाला

४ जुलै
ती. मावशीस,
सा. न. वि. वि.
काल तुझ्या दाराचं कुलूप तोडायला लावलं, त्याबद्दल पाया पडून माफी मागतो. माणूस पडलं किंवा बराच वेळ हललं नाही, की मी बनवलेला मनगटी पट्टा आईच्या फोनवर निरोप धाडतो. तू सकाळपासून हलली नाहीस, असं आईला कळलं आणि आमचा जीव टांगणीला लागला. तू मात्र वाचनालयात आणि पट्टा उशीखाली. आता तुझं घर बंद करून तुला इकडे आणायचंच, असं आईने मनावर घेतलंय. हा पट्टा म्हणजे माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, तोही लटकलाय. पट्टा काचतो का? मऊ करून देऊ?
तुझाच,
खटपट्या

९ जुलै
चि. खटपट्यास,
अ. उ. आ.
पट्टा काचत नाही, तुझी आई काचते. माझी धाकटी बहीण आहे, म्हणून बोलते. अंघोळीला वेळ लागला, तरी पडलीस का म्हणून तिचा फोन. मग सामान बांधायच्या गोष्टी. या घरात मी माझ्या मर्जीने जगते. तेवढंही गेलं तर माझ्यापाशी उरतं काय? आधी मला विचारावं, हे तुमच्या कॉलेजात शिकवत नाहीत का? वेळेवर जेवत जा.
मावशी

१५ जुलै
ती. मावशीस,
सा. न.
शिकवलं होतं गं. इंजिनिअरला समाजशास्त्र कशाला, म्हणून त्या तासाला आम्ही मागच्या बाकावर डुलक्या काढायचो. काल त्याच तासाच्या मॅडमना तुझं म्हणणं सांगितलं. निरोप कुणाला जावा हे कुणी ठरवलं, एवढंच त्यांनी विचारलं. मीच ठरवलं होतं, आणि तेही विचार न करता. आता नाव तू सांग. माझं घालू?
खटपट्या

२० जुलै
चि. खटपट्यास,
आशीर्वाद.
तुझं नको. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. खालच्या शिंपीणबाईंचं घाल. त्या येतील, हात देतील आणि गप्प राहतील.
मावशी

२ ऑगस्ट
चि. खटपट्यास,
आशीर्वाद.
परवा न्हाणीघरात पडले. शिंपीणबाई लगेच आल्या, दवाखान्यात नेलं. मनगट मोडलंय, म्हणून हे अक्षर त्यांचं. प्लास्टर निघालं की तुझ्या आईला मीच सांगेन. तोवर तू बोलू नकोस.
मावशी

७ ऑगस्ट
ती. मावशीस,
सा. न.
पट्टा वेळेवर चालला म्हणून मॅडमनी पाठ थोपटली, पण मला घास गोड लागत नाही. काल जेवताना आईने विचारलं, ताई बरी आहे ना. बरी आहे, म्हणालो. कितीतरी दिवसांनी ती शांत झोपली. मावशी, निरोपातून तिचं नाव काढताना तिलाही आपण कुणी विचारलं नाही. तू तिला लवकर लिही. मला हे झेपत नाही.
माया कमी करू नकोस.
तुझा,
खटपट्या