हसरा साचा

१ तारीख, सोमवार

हसू नको, हसलीस तर हसरेच गाल साच्यात उतरतील, असं मामा बजावत होते. आणि गार प्लास्टर गालांवर चढू लागलं तसं मला जास्तच हसू फुटत होतं. शेवटी हसरेच गाल उतरले. मामा म्हणजे या दवाखान्यातले साचे करणारे कारागीर. मी आजपासून त्यांच्या हाताखाली. इथली रीत अशी की नव्या माणसाचा पहिल्या दिवशी साचा घ्यायचा आणि भिंतीवर टांगायचा. दर सोमवारी प्रत्येकाने आपापला साचा चढवून बघायचा.

माळ्यावरची खोली मला मिळाली आहे. पलंग, टेबल, पूर्वेची खिडकी. जम बसला की आई माझ्या लेकीला, गोटीला, इथे आणून सोडेल. गोटीला माझा गाल चिमटीत धरल्याशिवाय झोप लागत नाही. सध्या आजीचा गाल चालवून घेते, पण तो "रिकामा" आहे अशी तिची तक्रार.

४ तारीख

काम समजतंय. साच्यातून मामा नाक, डोळे, ओठ कापून काढतात. उरतात कानशिलं, गाल आणि जबड्याची कड. डॉक्टरबाई म्हणाल्या, वय झालं की कातडी लोंबते असं लोक समजतात. खरं तर आधी आतला भराव ओसरतो. कातडीखालच्या चरबीच्या उशा झिजतात, सरकतात. हाडसुद्धा मागे हटतं. मग कातडी पांघरुणासारखी खाली येते. माणसाला मात्र रोज आरशात बघून काही कळत नाही.

म्हणून जुना साचा पुन्हा चेहऱ्यावर ठेवायचा. जिथे तो टेकत नाही, तिथला चेहरा गेला. साचा टेकेपर्यंत बाई सुईने औषध भरतात.

८ तारीख, सोमवार

माझ्या हातून चूक झाली.

सकाळी माझा साचा चढवून पाहिला, नीट बसला, आणि घाईत तो ट्रेमध्येच राहिला. तेवढ्यात बातम्यावाली आली. एके काळी टीव्हीवर बातम्या द्यायची. नाव सगळ्यांना माहीत, तरी आम्ही बातम्यावालीच म्हणतो. तिचा जुना साचा बाईंना द्यायचा होता. मी माझा दिला.

साचा टेकेपर्यंत बाई भरत राहिल्या. तिने आरसा घेतला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, मी अगदी अशीच होते. तिला रडू आलं.

ती गेल्यावर मामांनी साचा उलटा करून मागचं नाव वाचलं. माझ्याकडे पाहिलं. बाईंना सांगू नका म्हणून मी हात जोडले. नोकरी गेली तर गोटीला कुठे आणू? मामा म्हणाले, तुझे गाल फिरायला गेले, येतील परत. दोघंही हसलो.

१२ तारीख

डोळ्यांखाली सावली पडली आहे. नव्या जागेत झोप लागत नाही, त्याचं असेल.

१५ तारीख, सोमवार

साचा टेकला नाही. दोन्ही गालांशी बोट आत जातं. मामांनी पुन्हा पुन्हा बसवून पाहिला, मग खिळ्याला टांगला. आज विनोद केला नाही.

बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. वजन उतरलं असेल म्हणाल्या. काटा केला, वजन तेवढंच. बातम्यावालीला भरलेलं औषध विरघळवता येतं, असंही म्हणाल्या, पण तिने हो म्हणायला हवं. फोन केला. ती म्हणाली, माझं आहे ते मी का देऊ?

१८ तारीख

ती आली होती. नुसती दाखवायला. डाव्या गालाला खळी पडते. माझी. औषधाने खळी पडत नाही, हे बाईंनाही ठाऊक आहे. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मला भरा म्हटलं. भरलं. संध्याकाळपर्यंत ओसरलं.

२० तारीख

कानशिलं आत गेली. बोटाला डोळ्याच्या खोबणीची कड लागते. दुकानात गेले तर दुकानदाराने "बसा, आजी" म्हणत स्टूल दिलं.

फोनवर आईला म्हटलं, एवढ्यात येऊ नका. आई म्हणाली, तिकिटं काढली, पोरगी पिशवी भरून दारात बसली आहे. गोटी म्हणाली, गाल धुऊन ठेव. आवाज तिने ओळखला. आवाज अजून —

२१ तारीख

साचा फोडला. वाटलं, तोच माझा चेहरा ओढून घेतोय. हातोडीने, पार भुगा होईपर्यंत.

मामा दारात. म्हणाले, "हे काय केलंस? आता तुला कशावरून भरायचं?"

हे सुचलंच नव्हतं. माझ्या चेहऱ्याचं माप आता फक्त बातम्यावालीच्या —

२२ तारीख, सोमवार

सकाळी आई आणि गोटी आल्या. मी दारातच होते. आईने पिशवी खाली ठेवली आणि मला विचारलं, "मावशी, माझी लेक इथे कामाला आहे. जरा बोलावता का?"

मी तोंड उघडलं. ओठांना आतून आधार नाही, शब्द नुसता हवेसारखा —

बाहेरच्या बाकावर बातम्यावाली बसली होती, हसऱ्या गालांनी. गोटी माझ्या शेजारून पळत गेली. तिच्या मांडीवर चढली. गाल चिमटीत धरला.

त्या बाईने तिला दूर केलं नाही. आधी दचकली. मग एक हात तिच्या पाठीवर ठेवला, मग दुसरा.

मी साच्यांच्या खोलीत येऊन लिहिते आहे. काचेतून दिसतं आहे. गोटीचे डोळे मिटत चालले. आई पिशवी उचलून त्या बाईशेजारी बसली, लेकीशी बोलावं तशी तिच्याशी बोलते आहे. ती मान हलवते आहे. तिघी उठल्या. दाराकडे —