डाव्या पंखाचा बोल्ट

बडनेरा,
मंगळवार

प्रिय वर्षाली,

अकोल्याला सुखरूप पोचलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. मला फोन केला नाहीस. असो. विमानाची हालहवाल सांगतो. पंख जोडून झाले, इंजिन बसलं. सुट्या भागांच्या किटसोबत आलेल्या पुस्तकात शेपटीच्या तारेचं एक माप चुकलेलं होतं. मी ते पकडलं आणि कंपनीला कळवलं, तर तिकडून माफीचा मेल आला. आयटीआयचं फाटकही न ओलांडलेल्या माणसाला! येत्या शनिवारी हवाई खात्याचे निरीक्षक तपासणीला येतील. त्यांनी होकार दिला की मी पहिल्यांदा हे विमान जमिनीवरून उचलीन.

पण मी नसताना विमानाच्या शेडमध्ये कोणीतरी येऊन जातं आहे.

नट कसून झाला की त्यावरून बोल्टपर्यंत मी लाल नेलपॉलिशची रेघ ओढतो, हे तुला माहीत आहे. नट जरासा फिरला तरी रेघ तुटते. तुझी आई म्हणते, "मले कधी आणली नाई, अन् नटाले लावून राह्यले!" पोळ्यानंतर डाव्या पंखाच्या मुळाशी पाहतो तर रेघच काय, बोल्टही जागेवर नाही. तो सीटवर ठेवलेला. मी पुन्हा कसला. पुढे परत तेच. दुसरा कोणताही बोल्ट नाही, नेमका तोच. ज्याच्याशिवाय पंख विमानाला धरून राहत नाही.

पहिला संशय शेजारच्या नत्थुजीवर. शेडची मागची खिडकी त्याच्या मेथीच्या वाफ्यांकडे उघडते आणि हा रोज कुंपणावरून विचारतो, "काहो शालिकराम, संत्र्याचे किती क्रेट बसतीन याच्यात?" मी खिडकीला पत्रा ठोकला. दसऱ्याला तो सोनं घेऊन आला, तर मी आतूनच झोपल्याचं सांगितलं. नंतर कुलूप बदललं, किल्ली स्वयंपाकघरातल्या खुंटीवर. तरी या रविवारी बोल्ट पुन्हा सीटवर! कुलूप शाबूत. म्हणजे माणूस घरातला. तुझ्या आईला पाना आणि पक्कड यांतला फरक कळत नाही, तरी तिला विचारलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मी काहाले खोलू? पण तुमाले तोंडानं नाई म्हणाची कोनाची टाप हाये या घरात? एक बोललं की तुमी धा बोलता."

मग मी तो बोल्ट भिंगाखाली धरून बसलो. पाना बरोबर मापाचा लावलेला, कडा कुठे झिजलेली नाही. वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत चढवलेले, वर नट बोटाने फिरवून ठेवलेला. वाईट करणारा माणूस बोल्ट ढिला करून जागेवरच सोडतो. हा माणूस मला दिसेल असा ठेवतो. खोललेला बोल्ट उघडा टाकायचा नाही, ही माझी पद्धत. ती मी एकाच माणसाला शिकवली, आणि तेव्हा ती फ्रॉक घालत होती. बोल्ट निघाला त्या तिन्ही वेळा तू घरी आलेली होतीस.

फोनवर मी तुला बोलू देणार नाही, म्हणून हे पत्र. मी विमानात बसू नये असं तुला वाटतं, आणि हे सांगायला तुला पाना उचलावा लागला. या वेळी मी तो बोल्ट कसलेला नाही. शुक्रवारी ये. नको म्हणायचं असेल तर माझ्यासमोर उभी राहून म्हण, का नको तेही सांग. मी मध्ये बोलणार नाही. मग बोल्ट तू अकोल्याला घेऊन जा, निरीक्षकांना मी चहा पाजून परत पाठवीन. नको म्हणवत नसेल, तर तुझ्या हाताने कस आणि रेघही तूच ओढ. दोन्हीपैकी काहीही कर, पण दिवसाउजेडी, माझ्या देखत. त्याआधी मला नत्थुजीकडे जायचं आहे. ते या सगळ्याहून अवघड आहे.

जिभेला गाठ मारून वाट पाहणारा,
तुझाच बाबा