निरोप झाला, मुलगी घरातच

तीर्थरूप बादूमामांना भाची सेरवाचा साष्टांग नमस्कार. (खिडकीतून डोकं दिसू नये म्हणून मी दिवसभर आडवीच असते, तेव्हा नमस्कार खरोखरच साष्टांग आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? समुद्राची हवा त्याला मानवत नाही असं आई म्हणते, आणि तुम्ही सेकोंदी सोडणार नाही हेही तीच म्हणते. फोन केला असता, पण भिंतीपलीकडे ऐकू जातं, आणि मेसेज तुम्ही वाचत नाही.

मामा, मी स्पेनला शिकायला गेले असं तुमच्याही कानावर आलं असेल. मी गेलेले नाही. इथे गावातच, टेचिमानमध्ये आहे, आपल्या घराच्या मागच्या खोलीत, कांद्याच्या पोत्यांशेजारी.

परदेशी जाणाऱ्यानं विमान उडेपर्यंत अवाक्षर काढायचं नसतं, नाहीतर कुणाची तरी नजर लागते, हे तुम्हाला मी काय सांगणार? आईनं ते पाळलंही. फक्त प्रार्थनेसाठी म्हणून एका ग्लॅडिसमावशीच्या कानात सांगितलं. त्यापेक्षा दवंडी पिटली असती तर बरं, निदान ती थोड्या वेळानं थांबते. पुढच्याच रविवारी पाळकसाहेबांनी मला वेदीपुढे बोलावलं, पांढऱ्या कपड्यांत सगळी मंडळी नाचली, बकरा कापला, आणि कुणाचा भाचा, कुणाचा जावई तिकडे आहे म्हणून शितोच्या तिखटाच्या इतक्या बरण्या माझ्या गळ्यात पडल्या की नवरीला एवढं आंदण मिळत नाही. मीही स्पेनमधल्या मालागाच्या समुद्राची स्वप्नं बघत, हात हलवत टॅक्सीत बसले. व्हिसा अक्राला हातात मिळेल असं एजंट म्हणाला होता. अक्राला एजंट मिळाला, व्हिसा नाही. कधी येईल ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

आता मला सांगा, वाजतगाजत निरोप घेतलेली मुलगी चार दिवसांनी बाजारात टोमॅटो निवडताना दिसली, तर आईनं तोंड कुठे लपवावं? म्हणून तिनं मला लपवलं. रोज बायका येतात आणि मी दाराआडून माझ्याच बातम्या ऐकते. पोरगी रोज ताजे मासे खाते. खिडकीतून समुद्र दिसतो. थंडीनं वाळली आहे. (परवा आईनं मला पहिल्या परीक्षेत पासही केलं.) इतकं छान चाललंय माझं, आणि मी तिथे नाही!

जेवणाचेही हाल. उकडलेले कंद कुटून फुफू करायला दोघी लागतात, एकीनं मुसळ घालायचं, दुसरीनं उखळातला गोळा उलटायचा. आम्ही एकदाच कुटलं, तर ग्लॅडिसमावशी कुंपणावरून ओरडली, "पोकुआ, मुसळ कोण घालतंय गं?"

"मीच!"

"आणि उलटतंय कोण?"

"तेही मीच! पोरगी गेल्यापासून देवच बळ देतो हो."

तेव्हापासून आमच्याकडे भात. आई तो औषधासारखा गिळते.

मामा, मी पार खचले आहे. वर्ग सुरूही झाले असतील. मी धड ना इथली, धड ना तिथली. गुडघा बरा असेल तर गाडी घेऊन या आणि मला सेकोंदीला न्या. तुमच्या अंगणातून समुद्र दिसतो. त्याच्यापुढे उभी राहून एक फोटो काढीन, ग्लॅडिसमावशी रोज मागते. समुद्र म्हणजे काय, पाणीच ना शेवटी?

तुमची परदेशस्थ भाची,
सेरवा

ता.क. येताना शितो आणू नका.

आणखी ता.क. पाकीट बंद करतेय तोच एजंटाचा फोन आला. व्हिसा आला! वर्गही सुरू व्हायचेत. आईला सांगितलं. ती "देवा, तुझे उपकार" म्हणाली आणि कांदे निवडायला बसली. मामा, कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं, नुसता निवडताना कुणाच्या येतं का? तिच्या आलं.

तेव्हा गाडी घेऊन याच, गेलेल्या मुलीला पुन्हा गावाबाहेर काढायचं आहे. पण मला अक्राला सोडून परस्पर सेकोंदीला जाऊ नका. इथे परत या आणि थोडे दिवस आईजवळ राहा. तिला भात आवडत नाही. मुसळ तुम्ही घाला, उलटायला ती बसेल. तिच्या बोटांवर मात्र लक्ष ठेवा. ती उखळाकडे बघतच नाही, माझ्याकडे बघत असते.