कोपऱ्यातली चार कालवं

सोमवार, ता. ९ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघं काल रात्री सुखरूप पोचला असाल असं धरून चालते. इकडे आम्ही ठीक. यांचा गुडघा कुरकुरतोय, पण स्वतः यांच्याइतका नाही. तुझा राखाडी स्वेटर बाथरूमच्या दारामागे राहिला होता. धुऊन, वाळवून ठेवलाय.

यांनी अंगणातली जाळी अजून हलवू दिलेली नाही. बेकरीवाल्याची टाकाऊ जाळी चार विटांवर ठेवून घरच्या घरी कालवं भाजली, याचं त्यांना इतकं कौतुक, की सकाळी दूधवाल्याला फाटकात थांबवून सगळं समजावलं. खोलगट शिंपला खाली ठेवायचा, म्हणजे आतलं पाणी सांडत नाही. निखारा लालबुंद नको, वर राख धरलेला हवा. शिंपल्याने जरा तोंड उघडलं की सुरी घालायची, वर लोणी आणि ठेचलेला लसूण. ऐकून ऐकून त्याचं दूध फाटायची वेळ आली. कालवं आणली कोणी, ब्रशने घासली कोणी, हे काही त्या बिचाऱ्याला कळलं नाही.

तू पोटभर जेवलीस, बरं वाटलं. दोन वर्षांनी या घरात जेवलीस. कावीळ झाल्यापासून डॉक्टरांनी तुझं बाहेरचं खाणं बंद केलंय, हे तू बोललीस ते लक्षात आहे माझ्या.

तब्येत कशी आहे? प्रवासाने कधी कधी पोट बिघडतं. कोणाचंही बिघडतं. मळमळ, कणकण, काहीही वाटलं तर अंगावर काढू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा. रिक्षाने जा. मी हे लिहितेय म्हटल्यावर तुला हसू येईल, पण जा.

बाकी नवीन काही नाही. शेजारच्या बसचालकाच्या घरी रंग काढलाय, सगळ्या गल्लीला वास. काल जपाला बसले तर माळ तीनदा पहिल्यापासून ओढली, कुठवर आले तेच आठवेना. वयच झालं म्हणायचं.

उलट टपाली दोन ओळी टाक. पोट ठीक आहे, एवढंच लिहिलंस तरी पुरे.

तुझी,
आई


बुधवार, ता. ११, पहाटे

आधी एवढंच वाच आणि डॉक्टरांना दाखव: रविवारी दुपारी तू खाल्लेल्या सहा कालवांपैकी चार भाजायच्या आधीच मेलेली होती. मला ते ठाऊक होतं.

बाकीचं मागाहून वाचलंस तरी चालेल.

सोमवारचं पत्र अजून पोचलं नसेल. पोचलं तरी त्यात काही नाही. पानभर लिहून मी त्यात काहीच लिहिलेलं नाही.

काल संध्याकाळी औषधवाल्याच्या दुकानातून तुमच्या घरी फोन केला. फोन तुझ्या नवऱ्याने घेतला. म्हणाला, सकाळपासून तीन उलट्या झाल्या, अंगात थोडा ताप आहे, गोळी घेऊन पडलीय, प्रवासाचा शीण असेल. मागे खोकल्याच्या बाटलीसाठी दोन माणसं उभी, समोर औषधवाला कान देऊन. मी म्हटलं, तिला डॉक्टरकडे ने. तो म्हणाला, आई, उगाच घाबरतेस, उद्या बघू. कशासाठी घाबरतेय ते सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले, तिला लिंबूसरबत दे. लिंबूसरबत! फोन ठेवला आणि घरी येईपर्यंत मला रस्ता दिसला नाही.

आता नीट सांगते.

कालवं मी रविवारी सकाळी आणायची, ती शनिवारी दुपारीच आणली. शनिवारी उरलेली होती म्हणून कालववालीने भाव पाडला आणि मी पिशवी पुढे केली. देताना ती म्हणाली होती, भाजण्याआधी एकेक वाजवून बघा, जे तोंड मिटत नाही ते फेकायचं, विचार करत बसायचं नाही. रविवारी हे निखारे फुलवत होते तेव्हा मी मोरीपाशी बसून चमच्याने एकेक वाजवलं. वीस पटकन मिटली. चार तशीच आ वासून राहिली. मी परत वाजवली. थोडं थांबून परत. माणसं चार, कालवं चोवीस, प्रत्येकी सहा असा माझा हिशेब. वीस झाली तर कोणाच्या तरी ताटात कमी पडणार, आणि इतक्या दिवसांनी आलेली तू, तुझ्यासमोर मला कमी दाखवायचं नव्हतं. आणि खरं सांगू? फेकवेना.

म्हटलं, ही मी खाईन. माझं पोट दगडाचं आहे. आजवर घरातलं उरलंसुरलं, करपलेलं, आदल्या दिवसाचं सगळं मीच संपवत आले, मला काही झालं नाही. ती चार जाळीच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात ठेवली, इतरांत मिसळू नयेत म्हणून. जास्त वेळ भाजली. वाढताना ती माझ्या टवके उडालेल्या ताटात घेतली, वर दोन चांगली.

तेवढ्यात तू विचारलंस, "आई, सगळी जिवंत होती ना? मला जपायला सांगितलंय."

मी म्हटलं, "एकेक वाजवून बघितलंय."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच इतकं सहज निघालं तोंडातून. तू म्हणालीस, मग झालं तर, घरचं आहे, तुमच्या हातचं आहे, म्हणून खाते. आणि मी लिंबू आणायला आत गेले तर बाहेर येईपर्यंत माझं ताट तुझ्या मांडीवर होतं.

"टवक्याचं ताट कायम तुम्हालाच का?" असं म्हणालीस तू. "आज मला."

यांनी लगेच आपलं घोडं पुढे दामटलं, की बघ, ही देवालासुद्धा उदबत्ती अर्धी मोडून लावते, ताटाचं काय घेऊन बसलीस. तुम्ही तिघं हसलात. तूही हसलीस. दोन वर्षांपूर्वी आंबलेली आमटी तू मोरीत ओतलीस म्हणून मी तुला काय काय बोलले होते, माहेराहून उधळायला शिकून आलीस इथपर्यंत, आणि त्यावरून तू येणं सोडलंस. त्याच घरात तू माझं ताट मांडीवर घेऊन हसत होतीस.

"ते ताट खाली ठेव." चार शब्द होते, बाई. कारणही कोणी विचारलं नसतं, सासूचा हट्ट म्हणून सोडून दिलं असतं. पण मला वाटलं, बोलले की सगळं उघडं पडेल. मी अजून तीच आहे, शिळं जपणारी, मेलेलंही न टाकणारी, हे तुला दिसेल. तू एकेक शिंपला उचललास आणि मी लिंबू कापत राहिले. चवथं खाताना तू जरा थांबलीस, मला वाटलं आता टाकेल. पण तू माझ्याकडे बघून ते गिळलंस. माझं मन राखायला गिळलंस का गं?

तेव्हापासून देवापुढे बसून आहे. म्हटलं, तिचं दुखणं मला दे. तीन दिवस झाले, मला साधी ढेकर नाही. आणि देवाला कितीही सांगितलं तरी तो काही तुझ्या डॉक्टरला जाऊन सांगणार नाही. ते माझंच काम.

हे पत्र सकाळची बस नेणाऱ्या शेजारच्या चालकाकडे द्यायचं ठरवलं होतं. लिहिताना हे उठून आले. मी लपवायला गेले तर हे म्हणाले, दे इकडे. उभ्यानेच वाचलं. मला वाटलं ओरडतील. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "डॉक्टर विचारतील किती होती, वास येत होता का, किती वेळ भाजली. ते काय पत्र सांगणार आहे?" आणि माळ्यावरून माझी प्रवासाची पिशवी काढून दिली.

हे आता बसमध्ये लिहितेय, म्हणून अक्षर असं. वास येत नव्हता. बारा-तेरा मिनिटं भाजली. आतलं पाणी सुकलेलं होतं. विसरू नये म्हणून इथे लिहून ठेवते.

दार तू उघडलंस किंवा त्याने उघडलं, तरी हे पत्र मी आधी हातात देईन. तोंडाने सांगायला गेले तर पुन्हा लिंबूसरबत म्हणेन, माझी मला खात्री नाही. तुमचं वाचून होईपर्यंत मी बाहेर पायरीवर बसते. पहिल्या दोन ओळी वाचल्या की लगेच चपला घाला, माझ्याशी बोलायला थांबू नका. रिक्षात जागा असली तर मी पुढे चालकाशेजारी बसेन.

पायरीवर बसलेली,
तुझी सासू